हृदयाची पट्टी काय सांगते?

कुडव्यातील एखाद्या घरी वडीलधाऱ्या माणसाचे पाय सुजावे, चार पायऱ्या चढताच धाप लागावी, रात्री उशीवर उशी रचल्यावाचून झोप येऊ नये, आणि शेजारच्या गोंदियास नेऊन काढविलेली ईसीजीची पट्टी ‘नॉर्मल’ निघावी, की घरची मंडळी निर्धास्त होतात. ही निर्धास्ती अर्धवट समजुतीची होय.

लायडनच्या आइन्थोव्हेन यांना ज्या आलेखाच्या उलगड्याबद्दल १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तो हृदयातील विजेचा आलेख आहे. रक्त किती जोराने ढकलले जाते, हे तो मोजीत नाही. कागद सामान्यतः सेकंदास २५ मिलिमीटर सरकतो, आणि त्यावर ठोक्यांची लय, जुन्या झटक्याची खूण, डाव्या कप्प्याची वाढलेली जाडी, विजेच्या वाटेतील अडथळा हे उमटते. असे काही दिसल्यास हृदय दुबळे झाल्याचा संशय बळावतो. पट्टी अगदी निर्दोष असेल तर तो पुष्कळ उणावतो, नाहीसा मात्र होत नाही. विशेषतः ज्या वृद्धांचे हृदय आकुंचन नीट पावते पण सैलावत नाही, त्यांच्या बाबतीत. निर्णय व्हावयाचा तो लक्षणे, इको आणि रक्तातील बीएनपीची तपासणी यांवरून. जुनी पट्टी मात्र टाकू नये. नवीशी ताडून पाहण्यास डॉक्टरांना तीच हवी असते.