वाढत्या अंगाची गिटार

लहान मुलासाठी गिटार घ्यायची ठरली की शहापूर-मुरबाडकडच्या घरांत एक वाक्य हमखास येतं : "घ्यायचीच तर मोठी घ्या, पोर वाढतंय." बोलणारे बहुधा आजोबा नाहीतर मामा असतात, पैसेही तेच देणार असतात, म्हणून कुणी उलट बोलत नाही. आणि सात वर्षांच्या मुलीच्या मांडीवर तिच्या हनुवटीला टेकणारी गिटार येऊन बसते.

शाळेच्या गणवेशाला हा हिशेब चालतो. पँट खालून दुमडून टाचायची, पुढच्या जूनमध्ये उसवायची. गिटार दुमडता येत नाही. पूर्ण आकाराच्या क्लासिकल गिटारीत नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (पेटीवरची तारा अडकवायची पट्टी) तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. म्हणजे नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं, मानेवरच्या चौथ्या आडव्या पट्टीपर्यंतचं, अंतर झालं १३.४ सेंटिमीटर. आता घरातली पट्टी घ्या आणि मुलाचं मनगट ते मधल्या बोटाचं टोक मोजा. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचा अख्खा पंजा एवढाच भरतो! चार बोटांनी तेवढं अंतर व्यापायचं कसं?

मग मूल आपल्या परीने वाट काढतं. डावा हात पार सरळ ताणतं, मनगट काटकोनात मोडतं, उजवा खांदा कानापर्यंत उचलतं, तारा दिसाव्यात म्हणून गिटार मांडीवर उताणी पाडतं. बोट फ्रेटला लागून पडायला हवं, ते मध्येच पडतं. तिथे जोर जास्त लागतो आणि तार तरीही खरखरते. "होईल सवय," असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की सवय होते ती मोडलेल्या मनगटाची. तीन-चार महिन्यांत गिटार कपाटावर जाते आणि घरात निकाल लागतो : "याला आवडच नाही." हा निकाल ऐकला की खरोखर राग येतो. आवड होती, म्हणून तर पोर एवढे दिवस झटलं.

मोठी गिटार घेऊन झालीच असेल, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. ६५० मिलिमीटरची तार तिथून पुढे ५७९ उरते, म्हणजे दुकानात 'पाऊण' म्हणून मिळणाऱ्या गिटारीएवढी. सूर एका स्वराने चढतो, तो लहान गळ्याला बहुधा सोयीचाच पडतो. पण पेटीचा घेर कमी होत नाही, त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं यावर भागेल, सहा वर्षांच्या मुलाचं नाही.

दुसरी फसगत इंचांची. ऑनलाइन '३८ इंची' गिटार सर्रास 'मुलांसाठी, नवशिक्यांसाठी' म्हणून विकली जाते. हे ३८ इंच म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची एकूण लांबी, सुमारे ९६ सेंटिमीटर. मोठ्यांची ड्रेडनॉट आकाराची गिटार ४१ इंचांची असते. फरक अवघा तीन इंचांचा. ढोबळमानाने पाव गिटार ३० इंचांची, अर्धी ३४ आणि पाऊण ३६ इंचांच्या आसपास असते.

ढोबळमानाने म्हणायचं कारण, पाव-अर्धी-पाऊण ही मापं पक्की नाहीतच. यामाहाच्या सीजीएस मालिकेतल्या पाऊण गिटारीची तार कंपनीच्याच तपशिलात ५८० मिलिमीटर दिली आहे. कॉर्डोबाच्या प्रोतेजे मालिकेतली 'अर्धी' गिटारही ५८० मिलिमीटरचीच. खरोखर पाऊण तार हवी असेल तर मोठ्या गिटारीच्या पाचव्या फ्रेटवर बोट ठेवा. तिथून ब्रिजपर्यंत ४८७ मिलिमीटर उरतात, आणि एवढी छोटी गिटार दुकानात 'पाव' म्हणून मिळते. तेव्हा लेबलावर विसंबू नका, तारेची लांबी विचारा.

"छोटी म्हणजे खेळणं," असंही ऐकू येतं. पण मिरजेचे तंतुवाद्य कारागीर पिढ्यानपिढ्या बायकांच्या सुराला लहान तंबोरा आणि पुरुषांच्या सुराला मोठा तंबोरा बनवत आले आहेत. त्या लहान तंबोऱ्याला कुणी खेळणं म्हणत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य माणसाच्या मापाचं करायचं असतं, हे आपल्याकडे जुनंच आहे. खेळणं ओळखायचं ते आकारावरून नव्हे : तार सुरात लावली की टिकते का, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंच लागतो का, एवढं पाहा.

छोट्या गिटारीची एक अडचण मात्र खरी आहे. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून ४८० मिलिमीटरच्या गिटारीला मोठ्या गिटारीच्याच तारा लावून तोच सूर ठेवला, तर ताण जवळपास निम्म्यावर येतो आणि तारा लोंबतात. तिला लहान गिटारीसाठीच्या जाड तारा घ्याव्यात, किंवा सूर वर चढवावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. स्टीलच्या तारांनी बोटं 'तयार' होतात, असं म्हणतात. दाद्दारिओ कंपनीच्या आकड्यांनुसार स्टीलच्या लाइट संचाचा एकूण ताण सुमारे ७३ किलो आणि नायलॉनच्या नॉर्मल संचाचा ३९ किलोच्या आसपास असतो. लहान बोटांना नायलॉनच द्या, आणि नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा कधीही लावू नका, ब्रिज उखडतो. वयाचे तक्ते नुसता अंदाज देतात, हात मोजल्याशिवाय उपयोग नाही. युकुलेली ही छोटी गिटार नव्हे. चार तारांचं ते वेगळं वाद्य आहे, सुरुवातीला उत्तम. आणि तानसा तलाव भरून वाहतो त्या दिवसांत दमट हवेने लाकूड फुगून तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. जुलैत पोर अचानक "दुखतंय" म्हणालं तर त्याला आळशी ठरवण्याआधी गिटार तपासून घ्या.

खरेदीला मुलाला सोबत न्या. आसनगावहून लोकलने कल्याण-ठाणे गाठा, किंवा थेट सीएसएमटीला उतरून धोबीतलावच्या दुकानांत जा. मुलाला खुर्चीवर बसवा, पाय टेकवा. उजवा हात पेटीवरून तारांवर आला तरी खांदा उचलता कामा नये. डावा हात पहिल्या फ्रेटवर असताना कोपर वाकलेलं राहायला हवं. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर ठेवून तिसरं बोट तिसऱ्यापर्यंत आरामात पोचलं, तर ती गिटार घ्या. दोन-तीन वर्षांत ती लहान पडेल, तेव्हा शेजारच्या आळीतल्या धाकट्याला निम्म्या किमतीत द्या.