गाणारे कार्टून आणि आमचे कापड

दिघाशीच्या अंगणवाडीत जाणाऱ्या पोराच्या सदऱ्यावर कार्टून असते आणि घरच्या मोबाइलवर तेच कार्टून आकडे-अक्षरे गाऊन शिकवते. भिवंडीच्या कापडावर ते चित्र छापताना त्याचा मालक कोण, हे आम्ही कापडवाले क्वचितच विचारतो.

1974 साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला. चित्रे भीमसैन यांची, संगीत वसंत देसाईंचे. दूरदर्शनवर पाहिलेले ते गाणे लोक आजही गुणगुणतात, पण काम सरकारी होते. अमेरिकेत 1969 साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ने मात्र पात्रांचे परवाने कपडे-खेळणीवाल्यांना देऊन पैसा उभा केला. चेन्नईची ‘चूचू टीव्ही’ 2013 साली यूट्यूबवर आली.

आमच्या घरांत बोली मराठी, मक्तबात उर्दू. या दोन्ही भाषांत अशी गाणी चार व्यापाऱ्यांनी मिळून करून घ्यावीत. वाद्यांना ज्यांची हरकत असेल, त्यांनी दफवर भागवावे. मात्र कवी, गायक, चित्रकार यांच्याशी आधी लेखी करार करावा. कापडावर छापण्याचा हक्क त्यात वेगळा लिहून घ्यावा आणि मगच छपाईची ऑर्डर द्यावी.