कोयता चालवण्याचाही दाखला असतो

पुण्यातली बुरूड आळी तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिली असेल. सुपं, टोपल्या, शिड्या आणि गणपतीच्या आधी मंडपाचे बांबू. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानेही बांधावरचा बांबू तोडून, टेम्पो करून पुण्याला नेला. व्यापाऱ्याने एकेक काठी ठोकून पाहिली आणि निम्म्याहून जास्त बाजूला काढली. "कोवळा आहे ताई, लगेच भुंगा लागेल." भाडं अंगावर पडलं. पण खरा तोटा पुढच्या पावसाळ्यात दिसला. त्या बेटांना कोंबच कमी आले.

असं का झालं, ते नंतर शिकलो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काठ्या बेटाला पोसतात, त्यांच्या जिवावर नवे कोंब येतात. तोडायची ती तीन वर्षं पुरी झालेली. वय ओळखायचं कसं? नव्या काठीवर खपल्या आणि पांढरी भुकटी असते, जुनीवर बुरशीसारखे डाग पडतात. काप जमिनीलगत, पेराच्या अगदी वर घ्यायचा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोंब फुटत असताना कोयता लावायचाच नाही. आम्ही मात्र हाताला येईल ते बाहेरून तोडत गेलो होतो, आणि बाहेरच्या बाजूलाच कोवळ्या काठ्या असतात!

आता दाखल्याचं. बायका इथे तीन कागदांची गल्लत करतात, आम्हीही केली.

पहिला कागद तोडायच्या परवानगीचा. २०१७ साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा, म्हणजे आपल्या शेता-बांधावरचा बांबू 'झाड' राहिला नाही. जंगलातल्या बांबूचं तसं नाही. तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला.

दुसरा कागद मालाचा. हे लाकूड नीट राखलेल्या जंगलातून आलंय, असं तो सांगतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना सुरू केली, ती याचसाठी. त्यात जंगलाबाहेरच्या झाडांचाही विचार आहे. एकट्या बाईने या कागदामागे लागू नये, असं आमचं मत. तो मोठ्या गटाचा, मोठ्या मालाचा खेळ आहे.

तिसरा कागद तोडणाऱ्या माणसाचा, आणि आपल्याकडे तोच सर्वांत कमी मागितला जातो. जर्मनीत सरकारी जंगलातून घरच्या शेगडीपुरतं लाकूड करवतयंत्राने कापायचं, तरी आधी प्रशिक्षणाचा दाखला दाखवावा लागतो. आपल्याकडे यंत्र विकत घेतलं की माणूस तोड्या झाला. झाड कुठे पडेल, पळायची वाट कुठली, डोक्यावर टोप आहे का, हे कोणी विचारत नाही. हात तुटला तर घरात बसून सेवा करायला आपणच असतो.

बांबूपुरती सोय मात्र आहे. शेतीच्या कौशल्य परिषदेकडे बांबू उत्पादकाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांना काम आधीच येतं त्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धतही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात गटाने एकत्र जाऊन विचारा: चाचणी कधी, कुठे, आणि प्रत्यक्ष बेटात कोयता चालवायला देणार का? नुसतं खोलीत बसवून कागद देणार असतील तर नीट विचार करा. प्रमाणपत्र तोडणाऱ्या बाईच्याच नावावर घ्या, नवऱ्याच्या नाही.

आमच्या गटाने यंदापासून नव्या काठ्यांना रंग द्यायला सुरुवात केली आहे. या वर्षी निळा, पुढच्या वर्षी पिवळा, मग लाल. निळ्याला कोयता लागायला अजून तीन दिवाळ्या आहेत.