पु. ल. : हशामागचा सूर

विनोदी कलावंत म्हटला की आपल्याला प्रथम नक्कल आठवते. गॅदरिंगला कोणी खेडवळ बोलीत चार वाक्ये फेकतो आणि सारा हॉल हसतो. माझे वडील साताऱ्याकडचे. 'आलो'ला ते 'आलू' म्हणतात. त्यामुळे असा हशा पिकला की मला प्रश्न पडतो, हे लोक नेमके कशाला हसले? या प्रश्नाचे उत्तर मला पु. ल. देशपांडे यांच्या कलेत सापडले.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पुढे पार्ल्यात गेले. म्हणजे आम्हा दिंडोशीकरांचे ते शेजारीच! पेटीवर त्यांचा हात लहानपणीच बसला. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाचे कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका, सारे त्यांचेच. त्यात त्यांनी भीमसेन जोशींकडून गाऊन घेतले. 'देवबाप्पा' चित्रपटातले आशाबाईंनी गायलेले मोराचे बालगीत आपण सारेच बालवाडीत नाचलो; त्याची चालही पु. लं.चीच. १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' त्यांनी एकट्याने रंगभूमीवर उभी केली आणि त्या एका माणसात प्रेक्षकांना अख्खी चाळ दिसली.

हे साधले कसे? माझ्या मते, पेटीवाल्याच्या कानामुळे. साथ करणारा आधी गवयाचे ऐकतो, मग वाजवतो. पु. लं.नीही माणसे आधी ऐकली. 'म्हैस' ऐकून पाहा. एस. टी. एका म्हशीमुळे अडते आणि ड्रायव्हर, पुढारी, हवालदार, म्हशीचा मालक असे एकेक जण बोलू लागतात. प्रत्येकाची पट्टी निराळी, लय निराळी. वाक्य संपण्याआधी ते क्षणभर थांबतात आणि नेमक्या समेवर हशा येतो. रत्नागिरीचा अंतू बर्वा किंवा बेळगावचे रावसाहेब यांच्या बोलीत गंमत आहेच. पण शेवटी आपल्याला आठवते ते अंतूचे एकटेपण आणि रावसाहेबांचे मन. बोली तिथे दाराचे काम करते. नुसता नकलाकार दारातच हसून परत फिरतो, पु. ल. आत जाऊन बसतात.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्यांची चाळ गिरगावातली, पांढरपेशा कारकुनांची. आमच्या डोंगरउतारावरच्या चाळीतली पहाटेची पाण्याची रांग, धुणीभांडी करून परतणाऱ्या बाया, रात्रपाळीचे वॉचमन तिथे भेटत नाहीत. हा त्यांचा दोष नव्हे. जे कानांनी ऐकले तेच त्यांनी मांडले. १२ जून २००० रोजी ते गेले. आमच्या चाळीही एकेक करून पाडल्या जात आहेत आणि तिथे टॉवर उभे राहत आहेत. त्या पुरत्या जाण्याआधी तिथले बोलणे कोणीतरी ऐकून ठेवले पाहिजे. मित्रहो, ते काम आता आपलेच नव्हे काय?