सोमवारची अंडी, सोमवारची पिल्लं

मंडळाच्या कोजागरीला दर वर्षी कुणीतरी मला हटकतंच, "काकू, चिकन स्वस्त कधी होणार?" मी शादनगरच्या बाजूला एका हॅचरीत बावीस वर्षं नोंदी ठेवण्याचं काम केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न थट्टेत विचारलेला असतो. पण त्याला खरं उत्तर आहे आणि ते उत्तर एका रजिस्टरात असतं. आज त्या रजिस्टराबद्दल लिहिते.

हॅचरी म्हणजे अंडी उबवण्याचा कारखाना. तिथे जे होतं ते माझ्या आजीनं उदगीरजवळच्या आमच्या गावी आयुष्यभर केलं. कोंबडी खुडूक झाली की आजी टोपलीत भुसा घालून तिच्याखाली अकरा किंवा तेरा अंडी ठेवायची आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायची. आठवडाभरानं रात्री कंदिलापुढे एकेक अंडं धरून पाहायची. आत लाल शिरा दिसल्या तर अंडं परत टोपलीत जायचं, नुसतं पिवळं दिसलं तर बाजूला. एकविसाव्या रेघेला टोपलीत चिवचिव सुरू व्हायची.

आमच्या हॅचरीतही हेच एकवीस दिवस होते, फक्त कोंबडीच्या जागी यंत्र होतं. पहिले अठरा दिवस अंडी सेटरमध्ये असतात. तिथे साधारण 37.5 अंश सेल्सिअस उष्णता आणि बेताचा दमटपणा राखतात. खुडूक कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, तसे सेटरमधले ट्रे तासातासाला या बाजूचे त्या बाजूला कलतात. तसं केलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो. अठराव्या दिवशी दिव्यावर तपासून न फळलेली अंडी काढतात आणि बाकीची हॅचरमध्ये हलवतात. शेवटचे तीन दिवस तिथे. मग पिल्लू आपणच कवच फोडून बाहेर येतं.

एकवीस दिवस म्हणजे बरोब्बर तीन आठवडे. त्यामुळे सोमवारी लावलेली अंडी सोमवारीच फुटतात. शेडवर पोचलेलं पिल्लू सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतं आणि विक्रीला जातं. तीन अधिक सहा, नऊ आठवडे. म्हणजे आज मशीनला किती अंडी लागली हे कळलं, तर नऊ आठवड्यांनी बाजारात माल किती येणार याचा अंदाज आजच करता येतो.

माझ्या रजिस्टरात म्हणूनच दोन आकडे मोठ्या अक्षरांत असत: लावलेली अंडी आणि टाकलेली पिल्लं. शेडमध्ये नवी बॅच सोडण्याला आमच्याकडे पिल्लं टाकणं म्हणतात. या दोन आकड्यांत फरक पडणारच. लाख अंडी लावली आणि ऐंशी हजार पिल्लं मिळाली, तर काम ठीक झालं म्हणायचं. काही अंडी फळलेलीच नसतात, काहींतला जीव पहिल्या आठवड्यात जातो, काही पिल्लं अगदी शेवटी कवचातच मरतात. न फुटलेली अंडी आम्ही फोडून पाहायचो, म्हणजे चूक कुठली ते कळे. मादीकोंबड्यांचा कळप म्हातारा झाला, अंडी आठवड्याहून जास्त साठवली किंवा रात्री वीज जाऊन जनरेटर उशिरा लागला, तर ते इथे दिसायचं.

पिल्लांची मोजणी झाली की शंभराच्या पेट्या भरायच्या. कुठल्या कळपाची अंडी, कुठलं मशीन, कुठली गाडी, कुठल्या शेतकऱ्याचं शेड, हे सगळं एका ओळीत लिहायचं. शेतकऱ्याचं आधीचं शेड रिकामं होऊन, धुऊन, चुना मारून, तूस पसरून तयार झालेलं हवं. अंडी लावतानाच तीन आठवड्यांनी कोणाचं शेड मोकळं असेल हे मला पाहावं लागे. पिल्लू थांबत नाही. पोटात उरलेल्या बलकावर ते दोनेक दिवस काढतं, त्यापुढे नाही.

सणवारांचा हिशेबही यातच. आपल्याकडे आषाढात बोनालू असतं, तेव्हा कोंबडीला मागणी वाढते. लगेच श्रावण लागतो आणि मागणी पडते. आपला श्रावण आणि तेलुगू श्रावणम एकच, त्यामुळे दोन्ही घरांत चिकन एकदमच बंद! आषाढाच्या मालाची अंडी वैशाखाच्या उन्हात लावायची आणि श्रावण समोर ठेवून ज्येष्ठातच हात आखडायचा. हे ज्याला जमलं त्याचं वर्ष चांगलं जाई.

2020 साली मात्र कुठलाच हिशेब चालला नाही. फेब्रुवारीत अफवा उठली की कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो. काही दिवसांत गिऱ्हाईक नाहीसं झालं. हैदराबादेत राज्याच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवलं, तरी लोकांची भीती गेली नाही. 10 फेब्रुवारीच्या सोमवारी आम्ही नेहमीइतकीच अंडी लावली होती. ती 2 मार्चला फुटणार होती. मधल्या आठवड्यांत शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले. एक जण म्हणाला, "अक्का, शेडमधलीच कोंबडी खपत नाही. तिला दाणा कुठून घालू? नवी पिल्लं पाठवू नका." मी काय सांगणार? न लावलेली अंडी खायला विकता येतात. मशीनमधल्या अंड्यांना माघार नाही.

2 मार्चला पिल्लं आली. नेहमीसारखीच पिवळीधम्मक, ठणठणीत. निम्म्या पेट्या शेतकऱ्यांनी आमच्या भिडेखातर घेतल्या. बऱ्याच पेट्या कुणीच घेतल्या नाहीत. त्यांचं काय झालं ते मी रजिस्टरात एका शब्दात लिहिलं: नष्ट. आधीही कमजोर पिल्लांपुढे तो शब्द लिहिला होता. धडधाकट पिल्लांपुढे पहिल्यांदाच लिहिला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

9 मार्चला, होळीच्या सोमवारी, साहेबांनी बहुतेक मशीनं बंद ठेवायला सांगितली. तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मी रजिस्टराच्या मागच्या पानावर नऊ आठवडे मोजले. तारीख निघाली 11 मे. साहेब म्हणाले, "तेव्हा लोक मागतील आणि आपल्याकडे नसेल." तसंच झालं. मे महिन्यात गिऱ्हाईक परतलं आणि हैदराबादेत चिकनचा भाव चढला. पण मार्चमध्ये कर्ज काढून कोंबड्या फुकापासरी दिलेल्या छोट्या शेतकऱ्याचं शेड तेव्हा रिकामं होतं. भाव आला, त्याच्या हाती काही आलं नाही.

अमेरिकेत कृषी खातं दर आठवड्याला हे दोन्ही आकडे जाहीर करतं: देशभर किती अंडी लावली आणि किती पिल्लं टाकली. आठवड्याला वीस कोटींहून जास्त अंडी! मोठ्या राज्यांचे आकडे वेगळे देतात. कंपनी, दाणा विकणारा, शेतकरी, सगळ्यांना ते एकाच वेळी दिसतात. माझ्या बावीस वर्षांत शेजारच्या हॅचरीनं किती अंडी लावली हे मला कळलं ते ड्रायव्हरांच्या गप्पांतून. प्रत्येकाचा आकडा स्वतःच्या कपाटात. मग भाव वर असला की सगळेच जास्त अंडी लावतात आणि नऊ आठवड्यांनी सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो. अफवा कुणाला टाळता येत नाही. एवढं तरी टाळता येईल, जर आकडा उघडा असेल तर. शेड बांधायला कर्ज काढणाऱ्याला तो कळायला हवा असं मला वाटतं.

आता पुढच्या कोजागरीला मला भाव विचाराल, तेव्हा दिनदर्शिका घेऊन या. नऊ आठवडे मागे मोजू. त्या सोमवारी मशीनं किती भरली होती, यावरच तुमच्या रविवारच्या रश्श्याचा भाव ठरलेला असेल.