बसून राहिलेल्या तासांचा हिशेब कोण देणार?

शहापूर-मुरबाडच्या माणसाला विमान दिसते ते आभाळात. त्यात बसण्याचा योग फार थोड्यांना. तरीसुद्धा डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकच विषय होता, वैमानिकांची विश्रांती! इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून अधिक. कारण काय, तर वैमानिकाला आठवड्यातून ३६ ऐवजी सलग ४८ तास विश्रांती द्यावी आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणावी, असा नियम लागू झाला होता. हा नियम काही आभाळातून पडला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो जानेवारी २०२४ मध्ये काढला. कंपन्यांनी तो लांबवला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत तो अमलात आला. एवढा अवधी मिळूनही नियोजनात चूक झाली, हे कंपनीनेच कबूल केले. आणि शिक्षा कोणाला? महासंचालनालयाने कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत देऊन टाकली. वैमानिकांच्या संघटना विरोध करीत राहिल्या.

वैमानिकांच्या ह्या लढ्याला आमचा पाठिंबाच आहे. त्यांचे पगार मोठे आहेत म्हणून त्यांच्या झोपेची किंमत कमी होत नाही. पण टपरीवर बसलेल्या एका एसटी चालकाने जे विचारले ते आम्ही वाचकांपुढे ठेवतो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, विमानवाला थकला की देश थांबतो. आम्ही माळशेज उतरताना डोळा लागला तर पेपरात काय येतं? चालकाचा निष्काळजीपणा!"

ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. ते कायद्यात आहे, करारात आहे, आणि आमच्या मते त्याहून जास्त ड्युटीच्या तक्त्यात आहे.

विमान कंपन्यांत काही वैमानिकांना ठरलेले उड्डाण नसते. कोणी आजारी पडला, कोणाचे तास संपले, तर बोलावता यावे म्हणून त्यांना राखीव ठेवतात. काही जण घरी फोनजवळ असतात, काही थेट विमानतळावर. एसटीतही हेच आहे, नाव फक्त वेगळे. आगारात त्याला स्पेअर म्हणतात. स्पेअरवरचा चालक किंवा वाहक गणवेश घालून आगारात हजर होतो. कोणी गैरहजर राहिला, एखादी गाडी बंद पडली, जादा गाडी सोडायची झाली, की वाहतूक नियंत्रक त्याला हाक मारतो. हाक सकाळी सहाला येईल, दुपारी बाराला येईल किंवा येणारही नाही. ती आल्यावर कसाऱ्याकडे जायचे की डोळखांबला, आज घरी परतायचे की वस्तीला राहायचे, हे त्याच क्षणी कळणार. घरी बायकोने भाकरी किती थापायच्या, तेही मग तेव्हाच ठरणार. कोणाला कोणती ड्युटी लावायची हे ज्याच्या हातात, त्याची मर्जी राखणे हे एक वेगळेच काम होऊन बसते. म्हणून तर ड्युटी पाळीपाळीने फिरली पाहिजे, कामगारांच्या भाषेत टी-९ रोटेशन पाळले पाहिजे, ही मागणी चालक-वाहक लावून धरतात. बाहेरच्याला ती किरकोळ वाटते. ज्याला महिनाभर एकच जड ड्युटी येते त्याला विचारा!

आता कायदा पाहू. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा अनेक वर्षे चालक-वाहकांचा आधार होता. कलम १३ प्रमाणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीला परवानगीने वाढवले तरी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ च्या वर नाही. कलम १५ प्रमाणे पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसावा आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती. कलम १६ प्रमाणे सकाळच्या हजेरीपासून सुटेपर्यंतचा सगळा पसारा १२ तासांत आवरायचा. कागदावर हे उत्तमच आहे.

पण कामाचे तास म्हणजे काय? तिथेच खरी गोम आहे. त्या कायद्याची व्याख्या मोठ्या उदारपणे सुरू होत होती: कामगार ज्या वेळेत मालकाच्या दिमतीला आहे, तो वेळ कामाचा. पुढे त्यात काय काय येते त्याची यादी होती. गाडी धावण्याचा वेळ, त्याला जोडून येणारी कामे, आणि शेवटी टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा १५ मिनिटांहून कमी वेळ. पंधरा मिनिटांहून कमी! म्हणजे चौदा मिनिटे बसलात तर काम केलेत. आणि चाळीस मिनिटे बसलात तर? मालकाचा वकील म्हणणार, ते चाळीस यादीत नाहीत, सोडून द्या. आम्ही म्हणणार, यादीच्या आधी "समाविष्ट आहे" असा शब्द आहे. समावेश करणारी यादी मूळ व्याख्येला कापू शकत नाही, आणि गणवेश घालून हाकेची वाट पाहणारा माणूस मालकाच्या दिमतीला नाही तर मग कोणाच्या दिमतीला आहे? हा वाद आम्ही घालतो, घालत राहू. पण दर वेळी तो कोर्टात घालावा लागतो, यातच कामगाराची हार आहे.

तुलनेसाठी पाहा, अमेरिकेच्या विमान नियमांत विमानतळावर राखीव बसलेल्या वैमानिकाचा बसण्याचा वेळ ड्युटीतच मोजतात, आणि थोडक्या वेळात हजर व्हायचे म्हणून राखीव ठेवण्याचा अवधी १४ तासांपुढे नेता येत नाही. युरोपातही विमानतळावरची प्रतीक्षा ही पूर्ण ड्युटी. वाट पाहणे हेही काम आहे, हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे ते पंधराव्या मिनिटाला अडते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. मग ती पंधरा मिनिटे गेली का? नाही, ती तशीच नव्या घरात राहायला आली. दुसरे काहीतरी मात्र गेले. जुना कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन संस्थेला लागू होता. नव्या संहितेत हा आकडा १० झाला आहे.

ह्या फरकाचा अर्थ आमच्या भागात ताबडतोब कळतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, वासिंद-आसनगावच्या बाजूच्या कारखान्यांत आणि गोदामांत कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या पाहा. बहुतेकदा गाडी ठेकेदाराची, आणि ठेकेदाराकडे सात-आठ माणसे. आमच्याकडे असाच एक चालक आला होता. पहाटे साडेचारला गाडी काढायची, पहिल्या पाळीची माणसे सोडायची, मग गेटबाहेर झाडाखाली दुपारपर्यंत बसायचे, सुटलेली माणसे घरी पोहोचवायची, पुन्हा रात्रपाळी. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा. पगार फक्त चाक फिरण्याचा. झाडाखालचे तास कुठल्याच कागदावर नाहीत. त्याने तक्रार केली तर ठेकेदाराचे उत्तर तयार होते: "तू झोपलाच होतास की!" जुन्या कायद्यात ह्या माणसाला निदान दार ठोठावता येत होते. आता त्याचा मालक दहाच्या आत असल्यामुळे ते दारच राहिले नाही. मजुरीचे इतर कायदे आहेत, त्यांतून जमेल ते आम्ही करतो. पण पहाटे साडेचार ते रात्री अकरा हा पसारा बेकायदा आहे असे ठासून सांगणारे कलम त्याच्यासाठी उरलेले नाही.

नव्या संहितेत एक गोष्ट बरी आहे, ती लपवण्याचे कारण नाही. जादा कामासाठी कामगाराची संमती लागते आणि त्याचा मोबदला दुप्पट. पण संमती म्हणजे काय, हे आगारात उभे राहून पाहावे. सायंकाळी सात वाजता कंट्रोलर म्हणतो, "माणूस नाही, एवढी एक फेरी मारून ये." समोर मुरबाडला जाणारे पन्नास प्रवासी उभे. मुरबाडला आजही रेल्वे नाही. टोकावडे, धसई, सरळगाव, म्हसा, सगळी भिस्त एसटीवर. त्या पन्नास जणांत चालकाच्या गावचे पाच असतात. नाही म्हणायची ताकद कोणात आहे? ह्याला संमती म्हणायचे तर म्हणा.

वस्तीच्या गाडीबद्दलही लिहिलेच पाहिजे, कारण ती आपल्या माणसांशी थेट जोडलेली आहे. संध्याकाळी शेवटची गाडी आतल्या गावात जाते, रात्री तिथेच थांबते, पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. चालक-वाहक तिथेच झोपतात. कलम ९ प्रमाणे रात्री मुक्काम करावा लागेल तिथे विश्रांतिगृह किंवा तशी सोय मालकाने द्यायची होती. आडगावात ती सोय म्हणजे गाडीचे बाक, नाहीतर देवळाचा ओटा. जेवणाचे? गावातले कोणी मायेने डबा देते. ग्रामीण महाराष्ट्राची ही माया खरी आहे, पण तिला आडनावाची चौकशी असते! आमच्या ओळखीचे एक निवृत्त वाहक सांगतात, नव्या गावात वस्तीला गेले की पहिला प्रश्न "जेवणार का?" हा नसायचा, "आडनाव काय?" हा असायचा. आडनाव सांगितल्यावर कधी डबा यायचा, कधी यायचा नाही, आणि देवळाच्या ओट्यावर पथारी टाकण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते घरूनच भाकरी-चटणी बांधून नेऊ लागले. ज्यांना विश्रांतिगृह ही चैन वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. चार भिंती, नळ आणि कडी असलेले दार मिळाले, की माणूस गावाच्या दयेवर राहत नाही.

हे सगळे करारात का येत नाही? करार कोण करतो, इथून सुरुवात करावी लागेल. मालकाने संघटनेला मान्यता देणे सक्तीचे व्हावे यासाठी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये विधेयक मांडले होते. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती संमतही झाली. पण ती अमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात निदान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यतेचा मार्ग दिला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत अनेक संघटना असतील तर वाटाघाटीचा एकमेव हक्क ५१ टक्केवाल्यांना. कोणाकडेच ५१ नसतील तर किमान २० टक्केवाल्यांची परिषद. एसटीत संघटना डझनांनी आहेत. त्यांत आपलीही पोरे विखुरलेली आहेत, एकेका पक्षाच्या झेंड्याखाली चार-चार.

संघटनांच्या ह्या गर्दीत बोलणी नेहमी रुपयांवर येऊन थांबतात. १७ ते २० ऑक्टोबर २०१७, ऐन दिवाळीत संप. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. जून २०१८ मध्ये ४,८४९ कोटींच्या वेतनवाढीची घोषणा झाली, आणि ती पुरेशी नाही म्हणून पुन्हा संप. ऑक्टोबर २०२१ मध्ये कृती समितीने महागाई भत्ता, घरभाडे भत्ता मान्य झाल्यावर आंदोलन मागे घेतले. आगारांतले कामगार मात्र मागे हटले नाहीत. नेत्यांनी सही करावी आणि कामगारांनी ती झुगारावी, ही साधी गोष्ट नव्हे. वर्षानुवर्षांचा अविश्वास त्यात होता. २४ नोव्हेंबरला सेवेच्या वर्षांप्रमाणे ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ जाहीर झाली, तरी संप चालला, तो एप्रिल २०२२ पर्यंत. कित्येक कामगारांनी जीव दिला. मागणी एकच होती, विलीनीकरण. आम्ही तेव्हाही संपकऱ्यांच्या बाजूने होतो, आजही आहोत. परंतु त्या एका शब्दात बाकीचे सगळे बुडाले. साडेपाच महिन्यांच्या त्या लढ्यात स्पेअरचे तास, टी-९, वस्तीची खोली ह्यांवर मंत्र्यांशी जोरकस बोलणी झाल्याचे आम्हाला दिसले नाही. सप्टेंबर २०२४ चा दोन दिवसांचा संपही मूळ वेतनात ६,५०० च्या वाढीवर मिटला. पैसा हवाच, पण थकवा काही पगारवाढीने उतरत नाही.

त्या २०२१ च्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यांतल्या मुलांचे काय झाले, हेही खरे आहे. ४ ऑक्टोबरला ग्रामीण शाळांचे पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले होते, आणि महिन्याभरात गाड्या बंद. किन्हवली, डोळखांबकडच्या मुलींची शाळा पुन्हा तुटली. लोक संपकऱ्यांवर चिडले. चिडणे समजू शकते. पण संपाचा हक्कच नको म्हणणाऱ्यांना ७ नोव्हेंबर १९३८ आठवावा लागेल. संप गुन्हा ठरवू पाहणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांना सोबत घेऊन त्या दिवशी संप केला होता, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. नव्या संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लागू झाली आहे, आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच. सबब रस्त्यावरची वाट अरुंद झाली आहे. मग करारातली वाट रुंद करायला नको का?

आमचे मागणे मोठे नाही. पुढच्या करारात एक कलम यावे. स्पेअर म्हणून आगारात हजर असलेल्या चालक-वाहकाचा हजेरीपासूनचा प्रत्येक मिनिट कामाच्या तासांत धरावा. ठरावीक तासांनंतर त्याला लांबची किंवा वस्तीची ड्युटी देऊ नये. स्पेअरची पाळी सर्वांना क्रमाने यावी आणि तो क्रम आगाराच्या फलकावर लागावा. वस्तीच्या ठिकाणी कडी असलेली खोली व पाणी असल्याशिवाय गाडी मुक्कामी ठेवू नये. तोपर्यंत प्रत्येक चालक-वाहकाने खिशात एक छोटी वही ठेवावी, किती वाजता हजर झालो, किती वाजता हाक आली, किती वाजता सुटलो, एवढेच रोज लिहावे. कोर्टात साक्षीदार फिरतात, पण तारीखवार लिहिलेली वही सहसा फिरत नाही. कलमाचा मसुदा आम्ही मराठीत तयार करून ठेवला आहे. कोणत्याही झेंड्याच्या संघटनेने घेऊन जावा, त्याची फी नाही.