परीक्षा रद्द झाल्या तेव्हा

न्यूजर्सीत प्रिन्स्टनच्या शेजारी वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन गावं आहेत. पूर्वी इथे बटाट्याची शेती होती आणि प्लेन्सबरोत वॉकर-गॉर्डन ही नावाजलेली डेअरी. ती १९७१ मध्ये बंद पडली. शेतांच्या जागी वसाहती आल्या, प्रिन्स्टन जंक्शनहून आगगाडीने न्यूयॉर्कला नोकरीला जाणारी कुटुंबं आली आणि दोन्ही गावांनी मिळून एक सरकारी हायस्कूल काढलं. १९९७ मध्ये दुसरंही काढावं लागलं.

अमेरिकेत सरकारी शाळेत प्रवेश राहत्या पत्त्यावर मिळतो आणि शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून निघतो. त्यामुळे पालक आधी शाळा बघतात, मग घर. भारतातून आणि चीनमधून आलेल्या अभियंत्यांनीही तेच केलं. २००७ मध्ये इथले ४४ टक्के विद्यार्थी आशियाई वंशाचे होते. २०१५ पर्यंत ते ६५ टक्क्यांवर गेले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शाळांचे अधीक्षक डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. आधीच्या शैक्षणिक वर्षात माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं. ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. मुलांची मतंही मागवली होती. शाळेत यावंसं वाटत नाही, असं कुणी लिहिलं. बारा वर्षांत गुणांपलीकडे कशालाच किंमत नाही एवढंच शिकलो, असं आणखी कुणी.

त्याच सुमारास उपायही सुरू झाले. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. काही रात्री गृहपाठमुक्त ठरल्या. वाद्य बेसूर वाजलं तरी मुलाला वाजवू द्यायचं, असंही ठरलं. चौथी-पाचवीतल्या हुशार मुलांसाठी असलेला गणिताचा वेगळा वर्ग मात्र बंद करायचं ठरलं आणि ठिणगी पडली.

या वर्गात बहुतेक मुलं आशियाई घरांतली होती. शाळा अभ्यासाचा दर्जा खाली आणते आहे, आमच्या मुलांची वाट अडवते आहे, असं त्यांच्या पालकांचं म्हणणं. बऱ्याच गोऱ्या पालकांना हायसं वाटलं होतं. वर्तमानपत्रांतही वंशावरून पडलेली फूट म्हणूनच हा वाद आला. पण रेघ इतकी सरळ नव्हती: चढाओढ हाताबाहेर गेली, असं म्हणणाऱ्या चिनी वंशाच्या आईही होत्या.

प्रवेशपरीक्षेच्या एका निकालावर ज्यांचं सगळं आयुष्य पालटलं, त्यांना परीक्षा रद्द होण्याची भीती वाटणारच. दहावी-बारावीचा धसका घेतलेल्या मराठी घरांना ती वेगळी समजावून सांगायला नको. ओळखीपाळखी नसलेल्या देशात गुणपत्रिका हाच काय तो आधार. समाजशास्त्रज्ञ जेनिफर ली आणि मिन झोऊ यांनी २०१५ च्याच पुस्तकात आशियाई घरांतल्या या अपेक्षांची मुळं स्थलांतराच्या वाटेत शोधली आहेत. पवन धिंग्रा यांनी २०२० मध्ये शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर लिहिलं. शाळा चांगली, गुण चांगले, तरी या घरांतली मुलं शनिवारी गणिताच्या क्लासला जातात. शाळेने परीक्षा काढून टाकली तरी हा क्लास थोडाच बंद होणार!

नताशा वारिकू यांचं २०२२ चं पुस्तक अशाच एका सुखवस्तू उपनगरातल्या हायस्कूलवर आहे. अभ्यासाचा ताण कमी करा म्हणणारे तिथले गोरे पालक खेळातल्या चढाओढीबद्दल तेवढे आग्रही नव्हते. आशियाई मुलं पुढे जात होती ती अभ्यासात, आणि कात्री लागत होती तीही अभ्यासालाच. त्यामुळे २०१५ मध्ये गणिताच्या वर्गासाठी भांडलेल्या पालकांचा राग निराधार होता, असं म्हणता येत नाही. मात्र अधीक्षकांच्या पत्रातली ती चाळीस मुलं त्या रागात मागे पडली. गणिताचा वर्ग ठेवूनही त्यांच्या झोपेचा आणि गृहपाठाचा विचार करता आला असता.